नळीला मानवणारे काडतूस

प्रत्येक गोळीसाठी चाप नव्याने ओढावा लागतो, परंतु झाडलेल्या काडतुसाच्याच जोरावर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाऊन पुढचे काडतूस आपोआप नळीत सरकते, अशा रायफलीला अर्धस्वयंचलित म्हणतात. चाप दाबून धरला असता गोळ्यांची सरच सुटते ती स्वयंचलित. या रचनेमुळे काडतुसाकडे दोन कामे येतात. गोळी पाठवणे हे एक आणि यंत्र फिरवणे हे दुसरे. दारूचा जोर कमी पडला तर बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी तोंडाशीच अडकते. म्हणून हाताने बोल्ट ओढायच्या रायफलीत निमूटपणे चालणारे मंद गतीचे काडतूस अर्धस्वयंचलित रायफलीत दगा देऊ शकते.

अमेरिकेत अशा रायफलींसाठी काडतुसे खोक्यांनी साठवणे ही घरगुती बाब मानली जाते आणि २०१३ च्या सुमारास तेथे साध्या .२२ काडतुसांचाही दुष्काळ पडला होता. भारतात मात्र शस्त्रनियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीने अर्धस्वयंचलित शस्त्रे, काही अपवाद वगळता, पहिल्या वर्गात घातली असून त्यांचा परवाना केंद्र सरकारच्या हाती ठेवला आहे. परिणामी महाराष्ट्रातील सामान्य माणसाने ही रायफल पाहिलेली असते ती बहुधा पोलिसांच्याच खांद्यावर, म्हणजे ७.६२ मिमीची एसएलआर. तिला लागणाऱ्या जातीची काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात तयार होतात, तर १८६९ साली सुरू झालेला पुण्याजवळचा खडकीचा कारखाना या धंद्यात त्याहून कितीतरी जुना आहे. २०२१ पासून दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत आले. पुंगळीच्या बुडाशी कोरलेली ‘केएफ’ किंवा ‘ओएफव्ही’ ही रोमन अक्षरे आणि शेजारचे सालाचे आकडे वाचता आले की तिचे गाव आणि वय कळते. शिपायाला यात निवड नसते. जे कोठारातून मिळेल ते मोजून घ्यायचे आणि मोजून परत करायचे.

निवडीचा खरा प्रश्न पडतो तो स्पर्धेतल्या नेमबाजाला, आणि त्या दृष्टीने पनवेल हे महत्त्वाचे गाव आहे, कारण २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठणाऱ्या सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ हा क्लब नवीन पनवेलचाच. एअर रायफलीत दारू नसते, दाबलेल्या हवेवर ४.५ मिमीचा शिशाचा छर्रा सुटतो, त्यामुळे साठ्याचा प्रश्न बराचसा पैशांपुरता राहतो. खेळाडू ५० मीटरच्या .२२ रायफलीकडे वळला की मात्र काडतूस आणि परवाना दोन्ही त्याच्या मागे लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. ही रायफल अर्धस्वयंचलित नव्हे, पण काडतूस पारखण्याची कला येथेच परमावधीला पोहोचली आहे.

त्या काडतुसातील शिशाची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर, म्हणजे ध्वनीपेक्षा किंचित कमी, कारण ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा धक्का गोळीला डळमळवतो. वेग सेकंदाला १० मीटरने बदलला तर ५० मीटरवर गोळी साधारण ७ मिमी वर-खाली लागते, आणि दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिमी व्यासाचे असते. इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्या हा फरक शक्य तितका आवळतात. तरीही एकाच कंपनीचा, एकाच किमतीचा एक लॉट, म्हणजे एका वेळी एका यंत्रावर निघालेला माल, एका नळीला मानवतो आणि शेजारच्या नळीला मानवत नाही. म्हणून रायफल शिकंज्यात घट्ट आवळून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या कागदावर झाडतात आणि ज्यांची छिद्रे एकमेकांत मिसळून एकच भोक होते, तो लॉट जमेल तेवढा उचलतात. साठा करण्याचे खरे कारण हे असे आहे: संपलेला लॉट पुन्हा निघत नाही. काडतूस महागडे म्हणून चांगले, हा समज येथे फारसा टिकत नाही.

‘जमेल तेवढा’ याची मर्यादा मात्र परवान्यावर लिहिलेली असते. एका वेळी जवळ किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, असे दोन स्वतंत्र आकडे त्यावर असतात. राष्ट्रीय पातळीच्या नेमबाजांना सवलतीचे मोठे आकडे मिळतात, शेतीसंरक्षणासाठी बारा बोअरची बंदूक बाळगणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला अर्थातच बरेच लहान. पनवेल शहरासाठी हा अधिकार नवी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे आहे, तर आयुक्तालयाबाहेरच्या रायगडासाठी अलिबागला जिल्हाधिकाऱ्यांकडे.

साठवणुकीचा पनवेलमधला शत्रू म्हणजे पावसाळा. पितळी पुंगळीत घट्ट बसवलेली गोळी थोड्याफार दमटपणाने बिघडत नाही, पण .२२ ची गोळी नुसती मेणाने माखलेली असते, तिचे शिसे उघडे राहते आणि खाडीकाठच्या हवेत त्यावर पांढुरकी बुरशी आल्यासारखा थर धरतो. झाकण घट्ट बसणारा डबा, आत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या, उन्हात तापणाऱ्या गाडीपासून दूर असलेले कुलूपबंद कपाट आणि डब्यावर ठळक लिहिलेला लॉट क्रमांक एवढ्याने काडतुसे वर्षानुवर्षे टिकतात.

याखेरीज एक गोष्ट खिशाची. सरावाच्या बॅगेत चुकून राहिलेले एकच जिवंत काडतूस विमानतळाच्या तपासणीत सापडले तर शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. जाणीवपूर्वक ताबा नव्हता, एवढ्या मुद्द्यावर उच्च न्यायालयांनी असे अनेक गुन्हे रद्द केले आहेत, पण तोवर विमान केव्हाच गेलेले असते. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईचा विमानतळ पनवेलच्या उशालाच सुरू झाल्याने, प्रवासाआधी बॅगेचे सगळे कप्पे चादरीवर उलटे करून झटकण्याचे काम येथल्या नेमबाजांना आता वरचेवर करावे लागणार आहे.