रांजण, बॅरल आणि एमपीएच

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यातून बाहेर पडून उडायला लागेपर्यंत त्याला साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आरोग्य खात्याचा सल्ला ठरलेला आहे : आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, रांजण-टाक्या रिकाम्या करा, आतून घासा आणि मग भरा. घासायचं अशासाठी, की या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. सल्ल्यात खोट काहीच नाही. पण नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येणं जालना शहराला नवं नाही. २०१२-१३च्या दुष्काळात तर जालना हे राज्यातल्या पाणीटंचाईचं नावच झालं होतं. उन्हाळ्यात जिल्ह्यातल्या अनेक गावांची तहान टँकरवर भागते. ज्या घरातलं पाणी पुढच्या आठवड्यापर्यंत पुरवायचं आहे, त्या घरातल्या बाईने भरलेलं बॅरल ओतून द्यायचं तरी कसं?

सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण या प्रश्नाशी येऊन थांबतं आणि खरं म्हणजे इथूनच सुरू होतं. डेंग्यूचा ताप कसा उतरवायचा हे वैद्यकाचं शास्त्र सांगतं. हा ताप अमुक गल्लीत, अमुक महिन्यात का येतो आणि तिथल्या माणसांना जमेल असं काय केलं तर तो येणार नाही, हे सांगणारी विद्या वेगळी. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच, ही तिची पदव्युत्तर पदवी. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य व्यवस्थापन, आरोग्याचं अर्थशास्त्र, पर्यावरण आणि आरोग्य असे विषय त्यात असतात आणि जोडीला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतची इंटर्नशिप व प्रबंध. डॉक्टरांबरोबर दंतवैद्य, आयुर्वेद-होमिओपॅथीचे पदवीधर, परिचारिका, समाजकार्य किंवा संख्याशास्त्र शिकलेली मुलंही इथे येतात. देशात हे शिक्षण तसं उशिरा रुजलं. कलकत्त्याची अखिल भारतीय स्वच्छताविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ची, पण एमपीएच या नावाचा अभ्यासक्रम तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतल्या अच्युत मेनन केंद्रात १९९७मध्ये सुरू झाला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत तो शिकता येतो.

पदवीचा कागद मोठ्या शहरात मिळत असला, तरी शिकण्याची जागा जालन्यासारखा जिल्हाच असायला हवा असं मला ठामपणे वाटतं. आठ तालुक्यांचा, १९८१मध्ये जन्मलेला हा जिल्हा. जालना शहरात बियाणे कंपन्या आणि लोखंडी सळयांच्या रोलिंग मिल. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबं. बदनापूर तालुक्यात वरुडीला वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आता जालन्यात शासकीय महाविद्यालयही आलं आहे. भट्टीजवळ पाळी करणाऱ्या मजुराच्या अंगातलं पाणी, टँकरच्या पाण्याची शुद्धता, कारखान्याच्या फडावर बाळंत होणारी बाई, यांतला प्रत्येक विषय प्रबंधाला पुरून उरेल.

इंटर्नशिपला आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात काय दिसतं? ओपीडीची रांग. तिथे तो रुग्ण मोजू शकतो. पण ओपीडीत आलेले वीस तापाचे रुग्ण हा नुसता अंश झाला. छेद गावात असतो. वीस रुग्ण किती लोकसंख्येतले, कोणत्या वस्तीतले, आणि जे आलेच नाहीत ते किती? छेद मिळवायला उपकेंद्राच्या सिस्टरबरोबर आणि आशाताईबरोबर उन्हातून घरं पालथी घालावी लागतात. तांड्यावरची घरं यादीत आहेत का, शेतात राहणारी कुटुंबं कोणी मोजली, भाड्याच्या खोलीत राहणारा परप्रांतीय मजूर कोणत्या रजिस्टरमध्ये आहे, हे विचारावं लागतं. सर्वांत जास्त आजारी माणसं बहुधा यादीबाहेरच्याच घरांत सापडतात.

पाण्याचंच पाहा. गावाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्याचं काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. तो आहे की नाही हे ओटी टेस्टने दोन मिनिटांत कळतं : नळीत पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. विद्यार्थी वहीत ‘टेस्ट निगेटिव्ह’ लिहून निघून गेला, तर तो काहीच शिकला नाही. त्याने पुढे जाऊन पोतं पाहायला हवं. टीसीएलमधला क्लोरीन उघड्या, दमट जागी उडून जातो. पावडर नियमाप्रमाणे टाकली जाते, नोंद होते, सही होते आणि पाणी अशुद्धच राहतं. किंवा पावडर चांगली असते, पण टाकीवर चढायची शिडी मोडलेली असते. किंवा जलसुरक्षकाचं मानधन थकलेलं असतं. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर होणाऱ्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. त्या कार्डामागची शिडी, पोतं आणि मानधन शोधणं म्हणजे साथरोगशास्त्र. हगवणीची लाट पुढच्या पावसाळ्यात कुठून उठणार हे ज्याला आधी सांगता येतं, त्याची इंटर्नशिप सत्कारणी लागली.

हे सगळं स्वप्नरंजन नाही. महाराष्ट्राने ते करून दाखवलं आहे, तेही एमपीएच शिकलेल्या माणसांच्या हातून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे वेल्लोरला डॉक्टर झाले, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि १९७०मध्ये जामखेडला येऊन काम सुरू केलं. मोठं इस्पितळ उभारणं त्यांना अशक्य नव्हतं. त्यांनी आधी गावाला विचारलं. गावाने औषधं मागितली नाहीत, पाणी आणि अन्न मागितलं. नर्स खेड्यात मुक्कामी राहायला तयार होईनात, तेव्हा गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांतल्या अनेक दलित, अनेक निरक्षर. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकमेकींकडून शिकत आणि गावात जाऊन बाळंतपण, लसीकरण, कुष्ठरोग सांभाळत. १९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात या कामावर प्रकरण आलं. १९७८च्या अल्मा आटा परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्यसेवेचा ठराव केला, त्याआधी हे काम जगापुढे गेलेलं होतं. १९७९मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हेही हॉपकिन्सचे विद्यार्थी. त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था उभी केली. वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांचा राणीताईंनी केलेला अभ्यास १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम आठ टक्के. इस्पितळात बसून हा आकडा कधीच मिळाला नसता, कारण इस्पितळापर्यंत या बायका येतच नव्हत्या. १९९९मध्ये घरोघरच्या नवजात बाळांच्या सेवेचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गावातल्या शिकवून तयार केलेल्या बाईने बाळाची काळजी घेतली, तर नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटतात, असं त्यातून दिसलं. २०११मध्ये केंद्र सरकारने गृहाधारित नवजात बालसेवा देशभर आशांकडे दिली. आज मंठ्याच्या एखाद्या वस्तीवर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाऊन बाळाचं वजन करते, त्याचं अंग गार पडलंय का पाहते, ते गडचिरोलीत झालेल्या अभ्यासाचं फळ आहे.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती : माणसं राहिली. इंटर्नशिपमध्ये नेमकं तेच अवघड असतं. विद्यार्थी येतो, प्रश्नावली भरून घेतो, जातो. प्रबंध इंग्रजीत लिहिला जातो आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवला जातो. ज्या बाईने अर्धा दिवस रोजगार बुडवून साठ प्रश्नांची उत्तरं दिली, तिला त्यातून काय निघालं हे कोणी सांगत नाही. हा अन्याय आहे आणि तो थांबवणं विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकांच्या हातात आहे. २०२१च्या तुकडीपासून एमडी-एमएस करणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. ही चांगली सोय आहे, पण हे तीन महिने केवळ वॉर्डातली माणसांची टंचाई भरून काढण्यात गेले, तर जिल्हा त्याला कळणार नाही.

ऊसतोडीच्या पट्ट्यात काम करणाऱ्याने तर कॅलेंडर गावाचं पाहायला हवं. कोयता, म्हणजे ऊस तोडणारं जोडपं, आगाऊ उचल घेऊन बाहेर पडला की सहा महिने गावात म्हातारी माणसं आणि काही मुलंच उरतात. जानेवारीत सर्वेक्षण केलं, तर गरोदर बायका आणि लसीकरण चुकलेली बाळं यादीतून गायबच असतील आणि आकडे मात्र सुंदर दिसतील. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बीडमधली प्रकरणं गाजली आणि २०१९मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. शेजारच्या जिल्ह्यात इतकं घडत असताना ते कळायला इतकी वर्षं लागली, कारण फिरत्या बायकांचा छेद कुणाच्याच रजिस्टरमध्ये नव्हता.

जालन्यात इंटर्नशिप आखायची, तर माझी मागणी साधी आहे. विद्यार्थ्याचा पहिला मुक्काम मेमध्ये असावा : टँकर, टीसीएल, मान्सूनपूर्व सर्वेक्षण. दुसरा ऑक्टोबरमध्ये, टोळ्या निघण्याआधी : गरोदर बायकांची आणि दोन वर्षांखालच्या मुलांची नावनिशी यादी, जी टोळीच्या मुक्कामाच्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राला पाठवता येईल. आठवड्याने येणाऱ्या नळाच्या वस्तीत कोरड्या दिवसाऐवजी काय चालतं, घट्ट झाकण, पातळ कापड, गप्पी मासे की टेमिफॉस हे अळीनाशक, याची तुलना त्याने पन्नास घरांत करून पाहावी. आणि प्रबंध सादर करण्याआधी त्याचे निष्कर्ष मराठीत, दोन पानांत, ग्रामसभेपुढे वाचून दाखवावेत. सभेतल्या प्रश्नांना गुण असावेत.