कातडे कमावणाऱ्याच्या हाती काय?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा कंपनीने कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि आपल्याकडे 'आमची संस्कृती चोरली' अशी एकच ओरड झाली. या चपलेचे कातडे ढोर समाज कमावतो आणि ती चर्मकार शिवतो, हे ओरडणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? संस्कृती सर्वांची, चुन्याची कुंडी मात्र एका जातीची!

आता याच कुंडीला विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळू लागले आहे. जगातले बहुतेक कातडे क्रोमियमच्या क्षाराने कमावतात. काम झटपट होते, पण बराचसा क्रोमियम कातड्यात न मुरता सांडपाण्यात जातो. त्याची किंमत तामिळनाडूत पालार नदीकाठच्या शेतकऱ्यांनी मोजली. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ ऑगस्ट १९९६ च्या वेल्लोर निकालात सुमारे ३५ हजार हेक्टर जमीन अंशतः वा पूर्णतः नापीक झाल्याची नोंद आहे. 'प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी' हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे न्यायालयाने त्याच निकालात ठणकावले. चेन्नईची केंद्रीय चर्म संशोधन संस्था क्रोमियम आणि पाणी कमी लागणाऱ्या पद्धती शोधत आली आहे. दुसरीकडे बाभळीची साल आणि हिरडा! त्यातील टॅनिन कातड्यातील प्रथिनाला घट्ट बांधते. आठवडेच्या आठवडे लागतात, पण जड धातू नाही. (सालीचे काळे पाणी ओढ्यात सोडले तर तेही पाण्यातला प्राणवायू खाते, हे मात्र निसर्गप्रेमी सांगत नाहीत.)

हे ज्ञान ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले त्यांना विटाळ म्हणून गावाबाहेर ठेवले गेले. आज त्यालाच 'पर्यावरणपूरक' म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे: कुंडीत उतरणार कोण? मृत ढोरांचे काम सोडल्याने महारांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब पूर्वी वर्तमानपत्रातून मांडला गेला होता. एवढा फायदा असेल तर तुम्हीच करा, असे बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सुनावले. पर्यावरणाचे नाव पुढे करून जातीचा धंदा पुन्हा आमच्या पोरांच्या गळ्यात बांधणार असाल तर उत्तर तेच आहे. ज्यांना हे काम करायचे आहे त्यांना हातमोजे, यंत्र, सांडपाण्याची सोय आणि कारखानदाराचा दर्जा द्या. प्रयोगशाळेत संशोधक म्हणून त्यांची मुले बसवा.

कायद्याचेही पाहू. भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या संत रोहिदास महामंडळाच्या आणि कर्नाटकच्या लिडकर महामंडळाच्या नावावर आहे. प्राडाविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली, कारण दाद मागायची तर मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी. म्हणजे मालक सरकारी महामंडळ; कारागीर, त्याने स्वतःची नोंदणी करून घेतली तर, फक्त 'अधिकृत वापरकर्ता'.

पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने दोन्ही महामंडळांशी करार केला. एका जोडामागे चपला शिवणाऱ्याला किती आणि कातडे कमावणाऱ्याला किती, हे त्यात लिहिले आहे काय? लिहिले असेल तर ती कलमे मराठीत आणि कन्नडमध्ये छापा आणि आठही जिल्ह्यांतील ढोर-चर्मकार वस्त्यांच्या समाजमंदिरांवर लावा.