घरी गाणं रेकॉर्ड करायचंय? कंडेन्सर माइक घेण्याआधी हे तपासा

कंडेन्सर माइक आवाजातले बारकावे टिपतो. पण पंख्याची घरघर आणि कुकरची शिट्टीही टिपतो. म्हणून बजेट फक्त माइकचं धरू नका.

खर्च कुठे वाढतो?
एक्सएलआर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती देणारा ऑडिओ इंटरफेस, केबल, स्टँड बहुतेकदा वेगळे घ्यावे लागतात. यूएसबी माइक थेट लॅपटॉपला जोडता येतो. मात्र पुढे तबल्यासाठी दुसरा माइक जोडताना अडचण येते.

कोणता आकडा पाहाल?
'सेल्फ नॉइज' जितका कमी, तितकी माइकची स्वतःची खरखर कमी. ऑडिओ-टेक्निका एटी२०२० मध्ये तो २० डेसिबल, तर रोड एनटी१ मध्ये ४.५ आहे. जवळून गाताना हा फरक फारसा जाणवत नाही. तानपुऱ्यासारख्या हलक्या आवाजाला जाणवतो.

खोली घुमत असेल तर?
आधी जाड पडदे लावा. घर गजबजलेल्या रस्त्यालगत असेल, तर डायनॅमिक माइकच बरा.