विमान आकाशात, वैमानिक जमिनीवर

विमानाचा आवाज कानी पडला की मान आपोआप वर होते. आत बसलेल्या वैमानिकाचा हेवाही वाटतो. परंतु ज्याचा वैमानिक आत न बसता खाली माळावर उभा असतो, असेही एक विमान आहे. त्याला खेळणे म्हणावे, तर खऱ्या विमानाचे सारे नियम त्याला लागू पडतात. आणि ते नियम मोडले, तर खऱ्यासारखेच ते कोसळते.

अशा प्रतिकृती उडवण्याचा छंद जुना आहे. १८७१ साली अल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्युलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान ११ सेकंद उडवून दाखवले. मात्र असे विमान एकदा हातातून सुटले, की त्याच्यावर कोणाची सत्ता चालत नसे. ती सत्ता बिनतारी संदेशाने मिळवून दिली. वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली अमेरिकेतील कॅलमझू येथे आपले ‘गफ’ नावाचे विमान जमिनीवरून वळवून दाखवले. एकाला विमान बांधण्याचे वेड होते, तर दुसऱ्याला रेडिओचे. घरात अशी दोन वेडे एकत्र नांदणे हा योगच म्हणायचा!

विमान बांधायचे तर ते हलके हवे आणि मजबूतही हवे. म्हणून बाल्सा नावाचे लाकूड वापरतात. त्याची झाडे मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोर देशात वाढतात. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. थोर हेयरडाल १९४७ साली ज्या तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियाला गेला, तोही याच लाकडाच्या ओंडक्यांचा होता. बाल्साच्या पातळ फळ्या धारदार पात्याने कापून पंखाच्या फासळ्या करतात, त्या नकाशावर मांडून डिंकासारख्या चिकट द्रव्याने जोडतात आणि वर पातळ आवरण ताणून बसवतात. येथे घाई उपयोगाची नाही. एक पंख किंचित पिळवटला, तरी विमान सदैव एकाच अंगाला झुकते.

नवशिक्याच्या विमानाचे पंख धडाच्या वरच्या बाजूस असतात व त्यांची टोके थोडी उचललेली असतात. त्यामुळे विमान कलले, तरी पुष्कळदा आपण होऊन सावरते. याहून महत्त्वाचा आहे तो तोल. पंखाखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट टेकवून विमान उचलावे. बोटे पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते तृतीयांश रुंदीवर असताना ते समतोल राहिले पाहिजे. शेपटी जड झालेले विमान उडवणे अनुभवी हातांनाही कठीण जाते.

आता बिनतारी भाग. हातातील पेटीवरची दांडी हलवली, की पेटी तसा संदेश सोडते. विमानातील ग्राहकयंत्र तो टिपते आणि सर्व्हो नावाच्या चिमुकल्या मोटरीकडे पोहोचवते. संदेशातील प्रत्येक ठोका सेकंदाच्या १ ते २ सहस्रांश इतकाच टिकतो. त्याच्या लांबीवरून सर्व्होने किती वळायचे ते ठरते. आणि सर्व्हो तारेच्या जोडाने शेपटीवरील सुकाणू किंवा पंखावरील झडप हलवतो.

खरी परीक्षा पुढेच असते. विमान आपल्यापासून दूर जात असते, तेव्हा त्याचा उजवा हात तोच आपला उजवा हात. ते वळून समोर येऊ लागले, की त्याचे उजवे आपले डावे होते! येथेच नवशिके गोंधळतात. त्यावर एक युक्ती आहे. विमान समोरून येत असताना जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्याच बाजूला दांडी लोटावी. जणू त्या पंखाला खालून टेकूच देतो आहोत. दुसरी चूक याहून घातक. विमान खाली येऊ लागले, की मनुष्य घाबरून त्याचे नाक वर खेचतो. नाक फार वर गेले, की वेग मंदावतो, पंखांवरील हवेचा प्रवाह तुटतो आणि पंख भार पेलेनासे होतात. अशा वेळी नाक थोडे खालीच करावे लागते. त्यासाठी उंची हाताशी हवी. म्हणून शिकणाऱ्याने गर्दीपासून दूर, मोकळ्या मैदानावर, पुरेसे वर उडवावे. शिक्षकाची व शिष्याची पेटी जोडून घेण्याची सोयही असते. शिष्य चुकला, की शिक्षक एका कळीने विमान स्वतःकडे घेतो.

अशा विमानाची मजल कोठवर जावी? मेनार्ड हिल या अमेरिकन गृहस्थाने बाल्साचे विमान अटलांटिक महासागरापार धाडायचे ठरवले. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती, ऐकूही कमी येई. नियमाप्रमाणे इंधनासह वजन ५ किलोच्या आत राखायचे होते. २००२ सालचे प्रयत्न फसले. तरीही ९ ऑगस्ट २००३ रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावरून नवे विमान सोडले. समुद्रावर त्याला वाट दाखवणारे यंत्र आतच होते. आयर्लंडमधील क्लिफ्डनजवळ सहकारी आकाशाकडे डोळे लावून बसले होते. १९१९ साली अटलांटिक न थांबता ओलांडणारे अल्कॉक व ब्राउन याच परिसरात उतरले होते. ३८ तास ५२ मिनिटांनी तो ठिपका दिसला. डेव्ह ब्राउन या सहकाऱ्याने पेटी हाती घेतली व विमान अलगद गवतावर उतरवले. सुमारे ३,०३० किलोमीटरच्या या प्रवासाला ४ लिटरपेक्षाही कमी इंधन लागले होते.