तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगपर्यंत

गाडी पार्किंगमधून निघून सोसायटीच्या फाटकाशी येते आणि नेमका तिथेच नकाशा अडकतो. मागचा हॉर्न देऊ लागतो, आणि फोनवर बघावं तर वाय-फायची एक कांडी अजून तग धरून असते. फोनने घरचं नेट सोडलेलंच नसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या राउटरचा क्षीण सिग्नल त्याला मिळत असतो, पण नकाशा उघडण्याइतकंही काम त्यावर होत नाही; आणि तो पुरता तुटत नाही तोवर बरेच फोन मोबाइल डेटाकडे वळत नाहीत. वाय-फाय बंद करून पुढे निघायचं, हा इलाज एव्हाना सगळ्यांच्या अंगवळणी पडला आहे.

आता मात्र प्रश्न फोनपुरता राहिलेला नाही. खुद्द गाडीलाच नेट लागू लागलं आहे.

नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या आणि चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई असोत, की जुलै २०२५मध्ये मुंबईच्या बीकेसीत शोरूम थाटून भारतात उतरलेली टेस्ला, या गाड्यांचं सॉफ्टवेअर खरेदीच्या दिवशी होतं तसंच राहत नाही. इंटरनेटवरून ते अधूनमधून बदलत जातं. हे बदल फक्त गाण्यांच्या अ‍ॅपपुरते नसतात. डिसेंबर २०२३मध्ये टेस्लाने अमेरिकेत ऑटोपायलटच्या सुरक्षेवरून सुमारे २० लाख गाड्यांचा रिकॉल जाहीर केला, तेव्हा दुरुस्ती वर्कशॉपमध्ये झाली नाही. गाड्यांना नवं सॉफ्टवेअर पाठवलं गेलं. अशा गाड्यांमध्ये सिम असतं, तरी अपडेट लवकर आणि खात्रीने मिळावं म्हणून गाडी वाय-फायला जोडून ठेवा, असं टेस्लाची मालकांसाठीची पुस्तिकाच सांगते. डॅशकॅमचं चित्रण घरच्या नेटवर उतरवून घेणारेही आता बरेच आहेत. मग राउटर हॉलमध्ये, गाडी खाली, आणि मधे काँक्रीट, हे गणित सोडवावंच लागतं.

आधी सिग्नल कुठे मुरतो ते पाहू. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची त्याच्या निम्म्याहूनही कमी. दुसरी पट्टी वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमते. मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौपटीने घटतो. राउटरपासून ५ मीटरवर जे मिळतं त्याचा सोळावा भाग २० मीटरवर उरतो. त्यात विटांची भिंत काही खाते, आरसीसीची भिंत आणि स्लॅब त्याहून कितीतरी जास्त, कारण काँक्रीटच्या पोटात लोखंडी सळ्यांची जाळी असते. पावसाळ्यात ओल धरलेली भिंत आणखी शोषून घेते. शेवटी येतो गाडीचा पत्रा. पत्र्यातून सिग्नल जात नाही, तो काचांतून शिरतो. आणि ऊन अडवण्यासाठी काचेवर धातूचा सूक्ष्म थर दिलेला असेल तर तिथेही बरंच अडतं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. राउटरची काडीसारखी अँटेना सगळीकडे सारखा सिग्नल फेकत नाही. उभ्या अँटेनाभोवती तो मेदूवड्यासारखा पसरतो: आजूबाजूला भरपूर, पण काडीच्या वर आणि खाली, म्हणजे वड्याच्या भोकाच्या रेषेत, अगदी थोडा. फ्लॅटच्या बरोबर खाली गाडी उभी असेल तर ती नेमकी या भोकाखाली येते. दोन अँटेना असतील तर एक उभी ठेवून दुसरी आडवी करणं हा पाच पैशांचाही खर्च नसलेला उपाय आहे, आणि तो सगळ्यात आधी करून पाहावा.

दुकानात गेलं की मात्र वेगळाच सल्ला मिळतो: जास्त ताकदीचा, सहा अँटेनांचा राउटर घ्या. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. वाय-फाय आकाशवाणीसारखं एकतर्फी नाही. राउटरने पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याची पोच गाडीने द्यावी लागते. पोच आली नाही की राउटर तोच तुकडा पुन्हा पाठवतो. आपल्याकडे २००५पासून २.४ गिगाहर्ट्झची पट्टी परवान्याशिवाय वापरता येते. तिथे प्रक्षेपणाची मर्यादा १ वॉट, आणि अँटेनाची जोड धरून ४ वॉट आहे. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८मध्ये असाच खुला झाला. राउटर या मर्यादेत कितीही दणदणीत असला, तरी फोन किंवा गाडीतलं उपकरण साधारण एक दशांश वॉटवर किंवा त्याहूनही कमी ताकदीवर बोलतं. राउटरचं गाडीला ऐकू जातं, गाडीचं राउटरला येत नाही. स्क्रीनवर कांड्या भरलेल्या दिसतात आणि डाउनलोड मात्र १२ टक्क्यांवर थिजलेलं असतं.

त्याचा फटका घरातल्यांनाही बसतो. सिग्नल कमजोर झाला की गाडी आणि राउटर अगदी सावकाश बोलू लागतात, आणि त्यांचा एकेक तुकडा हवेत जास्त वेळ अडवून बसतो. त्याच चॅनेलवर वर कुणाचा ऑनलाइन क्लास चालू असेल, तर तोही अडखळतो. म्हणूनच या प्रश्नाचं खरं उत्तर राउटरची ताकद वाढवण्यात नाही. राउटरचा कान गाडीजवळ नेण्यात आहे.

काही विकत घेण्याआधी मोजून पाहावं. अँड्रॉइड फोनवर सिग्नल मोजणारी अ‍ॅप फुकट मिळतात. फोन घेऊन गाडीत बसायचं, दारं लावायची आणि आकडा वाचायचा. तो उणे डीबीएममध्ये असतो. उणे ६५च्या आसपास असेल तर निश्चिंत राहावं. उणे ७५ला काम रखडत चालतं. उणे ८५ म्हणजे नुसतं नाव दिसतं. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, त्यामुळे राउटर टीव्हीमागून काढून पार्किंगच्या बाजूच्या खिडकीशी ठेवल्याने १० डीबीचा फरक पडला, तर सिग्नल दहापट झाला असं समजायचं. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झला वेगळं नाव देऊन गाडी त्यालाच जोडावी, आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी शेजारपाजारच्या गर्दीतून जो मोकळा दिसेल तो निवडावा. बैठ्या घरासमोर किंवा पहिल्या मजल्याखाली गाडी असेल, तर अनेकदा एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर रिपीटरची पाळी येते, आणि तो हमखास चुकीच्या जागी लावला जातो. जिथे रेंज नाही तिथेच त्याला लावलं, तर पुढे पाठवायला त्याच्याकडे काही नसतंच. राउटरचा सिग्नल अजून दमदार आहे अशा ठिकाणी, साधारण अर्ध्या वाटेवर, त्याची जागा असते: बाल्कनीत किंवा जिन्याकडच्या खिडकीत. स्वस्त रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. रात्रभर चालणाऱ्या अपडेटला तेवढा वेग पुरतो.

पक्कं काम करायचं असेल तर वायरला पर्याय नाही. कॅट-सिक्स केबल १०० मीटरपर्यंत बिनघोर चालते. तिच्या खालच्या टोकाला बाहेर लावायचा छोटा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला की गाडीपासून चार-पाच मीटरवर राउटरचा कान आलाच. त्यासाठी खाली विजेचा पॉइंटही लागत नाही. २००३मध्ये ठरलेल्या मानकानुसार याच केबलमधून १५.४ वॉटपर्यंत वीज पाठवता येते. फक्त केबल घेताना एक खात्री करून घ्यावी. स्वस्त केबलमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार असते. वीज वाहताना ती जास्त तापते आणि लांबवर दाब टिकत नाही. टोकाची तार ब्लेडने खरवडायची. आत पांढरं चमकलं तर ती केबल परत करायची.

आपल्याकडे बाहेर काही लावायचं म्हणजे पावसाचा हिशेब आलाच. घरात वापरायची राखाडी केबल उन्हात तडकते. बाहेरच्या कामासाठी काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या आवरणाची केबल मिळते. केबल भोकातून सरळ आत न घेता आधी तिला खाली एक झोल द्यायचा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकतं आणि उपकरणात शिरत नाही. यंत्रावर आयपी ६५ किंवा त्याहून वरचा शिक्का हवा. वळवाच्या विजांसाठी अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर लागतो. बंगल्याचं गॅरेज लांब, आवाराच्या टोकाला असेल, तर तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर टाकणं शहाणपणाचं, कारण काचेच्या धाग्यातून विजेचा झटका घरात येत नाही.

सोसायटीत एवढ्यावर भागत नाही. डक्ट, शाफ्ट आणि स्टिल्टचं छत सामाईक असतं, तिथे केबल टाकायची तर कमिटीची परवानगी हवी. दोन मजली बेसमेंटमध्ये प्रत्येकाने आपापली केबल सोडली तर जंजाळ होईल. तिथे पार्किंगसाठी सोसायटीचं एकच कनेक्शन असणं सगळ्यांच्या सोयीचं. विजेच्या गाड्यांचे सामाईक चार्जर आले की त्यांनाही नेट लागतंच. तेव्हा चार्जरच्या वायरिंगबरोबरच नेटची केबल टाकून घेतली तर छत पुन्हा फोडावं लागत नाही.

आणि सिग्नल बाहेर नेला की तो रस्त्यावरही जातो, हे विसरून चालणार नाही. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी धमकीचा ई-मेल आला. त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत लागला. तिथल्या परदेशी रहिवाशाचं वाय-फाय त्याच्या नकळत वापरलं गेलं होतं, आणि त्याला पोलीस चौकशीला तोंड द्यावं लागलं. पुढे २००९मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करून वापरण्याविषयी सूचना काढल्या. पार्किंगकडे तोंड केलेल्या अ‍ॅक्सेस पॉइंटला म्हणूनच डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ची सुरक्षा आणि लांब पासवर्ड हवा. गाडीला घरच्या मुख्य जाळ्याऐवजी गेस्ट नेटवर्कला जोडावं, म्हणजे गाडीच्या बाजूने कुणी शिरलंच तरी घरातले कॅमेरे आणि कॉम्प्युटर त्याच्या हाती लागत नाहीत. गाडी सर्व्हिसिंगला अनोळखी हातांत जाते, कधी विकली जाते, आणि वाय-फायचा पासवर्ड तिच्या स्क्रीनमध्ये साठलेला राहतो. विकताना आरसी बुकाच्या कागदपत्रांबरोबर हेही काम यादीत हवं: स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट, आणि घरी आल्यावर गेस्ट नेटवर्कचा पासवर्ड बदलणं.