भिंतींविना कचेरी

बाजारात सर्व काही विकत मिळत असताना उद्योगसंस्था मुळात जन्मासच का यावी, असा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली उपस्थित केला होता. दर वेळी नवा सौदा ठरविण्याचा खर्च वाचतो म्हणून, हे त्यांचे उत्तर. आता कचेरीच नसलेल्या संस्था उदयास आल्या आहेत. एकत्र बसण्याने साधणारा मेळ त्या कशाने साधतात, हे पाहण्याजोगे आहे.

'गिटलॅब' या सॉफ्टवेअर कंपनीला मुख्यालय नाही. तरीही ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचे समभाग अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात दाखल झाले. तिची सारी भिस्त लेखनावर. रजेपासून मतभेद कसा मांडावा येथपर्यंतचे नियम एका जाहीर पुस्तिकेत ग्रथित आहेत. सहकाऱ्यास विचारण्याआधी ती चाळावी, बैठकीपूर्वी विषयपत्रिका लिहावी, निर्णय तोंडी राहू नये, असा दंडक आहे. सरकारी कचेरीतील टिपणीची चेष्टा करणाऱ्यांना याची गंमत वाटेल!

परंतु लेखणीने घड्याळे जुळत नाहीत. अमेरिकी उन्हाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे दहा वाजतात, तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेदहा झालेले असतात. बैठक कोणाच्या सोयीने भरावी, हा प्रश्न मग केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. भांडवल कोणाचे, यावरच तो बहुधा सुटतो. शिवाय ताळेबंदात कचेरीचे भाडे वाचलेले दिसले, तरी ती जागा नि वीज आता कर्मचाऱ्याच्या घरखर्चात मोडते. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मुलांचा अभ्यासही त्याच टेबलावर चालतो. खुर्ची-टेबलाचे पैसे काही कंपन्या देतात. खोलीचे भाडे मात्र वेतनकरारात सहसा येत नाही.