मुंबईत लग्नाला आलात? मुहूर्त न चुकवता शहर कसं पाहाल?

दादरला चुलतबहिणीचं लग्न होतं. जळगावहून आलेल्या पाहुण्यांपैकी अकरा जण सकाळी साडेआठला नाश्ता करून ‘गेटवे बघून येतो’ म्हणून निघाले. मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा. सव्वाअकराला त्यांची गाडी लालबागच्या कोंडीत उभी होती. ते कार्यालयात पोहोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत बसली होती. त्या अकरा जणांत नवरीची सख्खी आत्या होती, म्हणजे माझीही. लग्नाच्या अल्बममध्ये अंतरपाटाच्या एकाही फोटोत ती नाही.

‘जाऊन या, दोन तासांचं काम आहे,’ हा सल्ला माझा होता.

तुळशीचं लग्न झालं की मुंबईतली कार्यालयं भरायला लागतात आणि बाहेरगावच्या पाहुण्यांचा एकच प्रश्न असतो, ‘आलोच आहोत, तर काय बघायचं?’ ठिकाणांच्या याद्या भरपूर मिळतात. लग्नघरच्या वेळापत्रकात त्या बसवायच्या कशा, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा हिशेब.

मोकळा वेळ नेमका कधी असतो?

लग्नाच्या पाहुण्याला मोकळा वेळ तीनदाच मिळतो. पहिला, आदल्या दिवशी सकाळी गाडीतून उतरल्यापासून संध्याकाळच्या हळदी-सीमांतपूजनापर्यंत. दुसरा, लग्नाच्या दिवशी जेवणं उरकल्यावर दुपारी तीनपासून रात्रीच्या गाडीपर्यंत. तिसरा, मुक्काम वाढवला तर दुसरा दिवस.

मुहूर्ताच्या आधीची सकाळ या यादीत नाही. ती मोकळी वाटते, पण नसते. अंघोळीची रांग, साड्या, गजरे आणि हरवलेली एक तरी किल्ली यातच ती संपते. त्या दिवशी सकाळी कार्यालयाचं फाटक ओलांडू नका.

बाकी वेळेचा हिशेब उलटा करायचा. इंजिनीअरिंगला प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये शेवटच्या तारखेपासून मागे येत वेळापत्रक मांडायला शिकवतात, इथेही तसंच. हळद सहाला असेल तर तयारीसाठी पाचला परत हवं. प्रवासाला एक तास धरला, कोंडीसाठी अर्धा तास वेगळा ठेवला, तर साडेतीनला परत फिरायचं. दहापेक्षा जास्त माणसं असतील तर आणखी अर्धा तास कमी करा. मोठ्या घोळक्यात कोणीतरी चहाला थांबतंच.

दोनच तास आहेत. दादर सोडावं का?

सोडू नका. दादरमध्ये पाहण्यासारखं पुष्कळ आहे आणि सगळं एकमेकांच्या जवळ आहे.

पहाटे जाग आली तर स्टेशनच्या पश्चिमेचा फुलबाजार पाहा. तुमच्या मांडवातली झेंडूची तोरणं बहुधा तिथूनच आलेली असतात. तिथून शिवाजी पार्क आणि पुढे चैत्यभूमी. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर अंत्यसंस्कार झाले ती ही जागा. शेजारी समुद्र आहे आणि किनाऱ्यावर माता रमाबाई आंबेडकर यांच्या नावाने बांधलेला प्रेक्षक सज्जा आहे. वाळूत न उतरता तिथून वांद्रे-वरळी सागरी सेतू समोर दिसतो. २००९ मध्ये सुरू झालेला हा पूल ५.६ किलोमीटर लांबीचा आहे. बाबासाहेबांचं राहतं घर ‘राजगृह’ दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत आहे. कार्यालय पूर्वेला असेल तर ते आधी पाहून घ्या.

सिद्धिविनायक पुढच्या टप्प्यावर, प्रभादेवीला आहे. हे मंदिर १८०१ सालचं. मंगळवारी मात्र दोन तासांच्या हिशेबात ते बसवू नका, रांगेतच वेळ जाईल. खायला मामा काणे, प्रकाश किंवा आस्वाद यांपैकी एक निवडा, पण कार्यालयात पंगत वाट पाहतेय हे लक्षात ठेवून.

एक सावधगिरी. कार्यालय पूर्वेला आणि बघायचं पश्चिमेला असेल तर मध्ये रेल्वे येते. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा जुना पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून टिळक पुलावरची वाहनं वाढली आहेत. चालता येणाऱ्यांनी स्टेशनच्या पादचारी पुलावरून जाणं उत्तम.

चार तास आणि रात्रीची गाडी असेल तर?

परतीची गाडी सीएसएमटीहून असेल तर फिरणंही तिथेच संपवा. दुपारी तीनला सामानासकट सीएसएमटी गाठा आणि बॅगा रेल्वेच्या क्लोकरूममध्ये ठेवा. त्यासाठी रेल्वेचं तिकीट लागतं आणि बॅगेला कुलूप लागतं, म्हणून आहेराच्या उघड्या पिशव्या आधीच मोठ्या बॅगेत भरा. संध्याकाळी पाचनंतर लोकलची गर्दी दक्षिणेकडून उपनगरांकडे वाहते. तुमची गाडी तिथूनच सुटणार असल्याने त्या गर्दीशी तुमचा संबंधच येत नाही.

बॅगा ठेवल्या की समोरचा रस्ता ओलांडा आणि मागे वळून पाहा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आराखडा केलेली ही इमारत १८७८ ते १८८८ या काळात बांधली गेली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. शेजारचं महापालिकेचं मुख्यालयही त्याच्याच आराखड्याचं, १८९३ सालचं.

तिथून हुतात्मा चौक. १८६४ चा फ्लोरा फाउंटन आणि बाजूला संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक. ज्या राज्यातून आपण एका तिकिटावर इथे आलो ते राज्य कसं मिळालं, हे सोबतच्या मुलांना सांगायला याहून चांगली जागा नाही. पुढे ओव्हल मैदान. पूर्वेला १८७८ मध्ये पूर्ण झालेला राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय, पश्चिमेला विसाव्या शतकातल्या आर्ट डेको इमारती. मधल्या हिरवळीवर क्रिकेटचे अनेक सामने एकाच वेळी सुरू असतात. या दोन्ही रांगांना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

शेवटी गेटवे. पंचम जॉर्ज १९११ मध्ये आला त्याची आठवण म्हणून जॉर्ज विटेटने आराखडा केलेली ही कमान ४ डिसेंबर १९२४ रोजी खुली झाली. गंमत म्हणजे २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. परतताना टॅक्सी किंवा बस घ्या. दिवे लागल्यावर सीएसएमटी पुन्हा एकदा पाहायला मिळेल.

वाटेत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय लागतं. ते पाहायचं तर दोन तास द्यावे लागतात. मग बाकीचं सोडा. दोन्ही जमवायला जाल तर एकही धड होणार नाही.

सोबत लहान मुलं आहेत. त्यांना कुठे न्यायचं?

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. दादरहून मध्य रेल्वेच्या धीम्या लोकलने भायखळा आणि तिथून थोडं चालणं. मुलांना पेंग्विन दिसतील, मोठ्यांना जुनी झाडं. आवारालगतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये खुलं झालेलं. जुन्या मुंबईतल्या कारागिरांच्या आणि वेगवेगळ्या समाजांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती तिथे आहेत.

घारापुरीला जावं का?

पूर्ण दिवस हातात असेल तरच. गेटवेहून बोटीने जायला साधारण तास, यायला तेवढाच, वर लेण्यांपर्यंत शंभराहून जास्त पायऱ्या. म्हणजे किमान पाच तास. गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्यांचं आधीच सांगा, बोटीत बसल्यावर नव्हे. वीसेक फुटी त्रिमूर्तीसमोर उभं राहिल्यावर मात्र दिवस सत्कारणी लागतो. डिसेंबर २०२४ मध्ये याच जलमार्गावर बोटीला मोठा अपघात झाला होता. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगावर घाला. नुसतं मांडीवर ठेवू नका. पावसाळ्यात बोटींचा भरवसा धरू नका.

कोणत्या वारी काय बंद?

सोमवार : घारापुरी, बोरिवलीची कान्हेरी लेणी आणि वरळीचं नेहरू तारांगण. दादरची बरीच दुकानंही सोमवारी बंद असतात.

बुधवार : राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय.

रविवार : फोर्टमध्ये ऑफिसची गर्दी नसते, फिरायला उत्तम. पण रेल्वेचा मेगाब्लॉक असू शकतो. साधारण अकरा ते चार या वेळेत गाड्या कमी किंवा वळवलेल्या असतात. शनिवारी रात्री बातम्यांत वेळापत्रक येतं, ते पाहूनच ठरवा.

लोकल, मेट्रो, टॅक्सी की रिक्षा?

रिक्षा विसरा. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला शीव यांच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही. काळी-पिवळी टॅक्सी फेब्रुवारी २०२५ पासून किमान ३१ रुपये घेते; चौघांना जवळच्या अंतरासाठी ती परवडते.

लोकल सर्वात वेगवान आणि स्वस्त. दादर ते सीएसएमटी दुसऱ्या वर्गाचं तिकीट पाच रुपये. डिसेंबर २०२३ पासून दादरच्या फलाटांना सलग क्रमांक आहेत : १ ते ७ पश्चिम रेल्वे, ८ ते १४ मध्य रेल्वे. सीएसएमटी आणि भायखळा मध्य रेल्वेवर, चर्चगेट पश्चिमेवर. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे जाणारी लोकल पाहुण्यांसाठी नाही. पैठणी नेसून तर मुळीच नाही.

वयस्कर माणसं सोबत असतील तर भुयारी मेट्रो. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विमानतळ. पाहुण्यांना लागणारी बहुतेक ठिकाणं तिच्यावर आहेत. भाडं १० ते ७० रुपये, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, डबे वातानुकूलित आहेत. दादरचं मेट्रो स्टेशन शिवसेना भवनाजवळ आहे, रेल्वे स्टेशनातून थेट नाही. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर जमिनीखाली उतरण्याआधीच काढा.

यजमानांनी काय करावं?

तीन गोष्टी पुरेशा आहेत. पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच संदेश टाका; त्यात कार्यालयाचं लोकेशन, ते पूर्वेला की पश्चिमेला, आणि ‘इतक्या वाजता परत’ ही वेळ असू द्या. रस्ते माहीत असलेला घरातला एक मुलगा किंवा मुलगी सोबत द्या. त्या दिवशी त्यांना दुसरं काम नको. आणि दागिने अंगावर घालून कोणाला फिरायला पाठवू नका. ते कुठे, कोणाकडे ठेवायचे हे आधीच ठरवा.

आणि आजी-आजोबा?

‘त्यांना कशाला दगदग’ म्हणून आपण त्यांना कार्यालयातल्या खोलीत बसवून ठेवतो. त्यांना विचारत मात्र नाही. त्या लग्नात आमची आजी दोन दिवस अशीच बसून होती. समुद्र बघायचा होता, हे तिने गाडी कल्याणला पोहोचल्यावर सांगितलं.

गेल्या फेब्रुवारीत घरात पुन्हा लग्न झालं, कार्यालय पुन्हा दादरलाच. आत्या मंगलाष्टकांच्या अर्धा तास आधीपासून पहिल्या रांगेत उभी होती. जेवणं झाल्यावर पाच वाजता आजीला टॅक्सीत बसवलं आणि चैत्यभूमीजवळच्या सज्ज्यावर नेलं. जायला बारा मिनिटं लागली. फेब्रुवारीत सूर्य साडेसहानंतर मावळतो, त्यामुळे घाई नव्हती.

आजी बराच वेळ कठड्याला धरून उभी राहिली. मग म्हणाली, ‘एवढा जवळ होता व्हय?’